मुंबई मिळाली, घर कुठाय?

(गडमुडशिंगी येथील सूतगिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



शहर म्हणजे काय, असे आपल्या भागातल्या म्हाताऱ्याला विचारा. तो एकच शब्द सांगेल : मनीऑर्डर. कोल्हापुरात शाहू मिलमध्ये जागा मिळाली नाही की गडी मुंबईची गाडी धरायचा. लालबाग, परळ, शिवडी, वरळी. चाळीतल्या एका गाळ्यात वीस-वीस जण. रातपाळीचा आला की दिवसपाळीच्याच वळकटीवर पडायचा. जेवण खाणावळीतल्या बाईच्या हातचे. पगार झाला की पैसे गावाला. त्या पैशांवर इकडे घरावर कौले चढली, बहिणींची लग्ने लागली. म्हंजे मुंबई उभी राहिली ती गावच्या माणसाने, आणि गाव तगले ते मुंबईच्या पगारावर.

पण शहराचे नुसते गोडवे गायला मी उभा नाही. माणूस मुंबईला गेला की जात गावातच राहते, असे समजू नका. साचेखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे उभे करत नसत. आणि जास्त पगार तर त्याच खात्यात! १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न रोखठोक विचारला. आपल्याच भावाला बाजूला ठेवून कसली एकजूट, सांगा बघू.

पुढे १९५५ साल आले. मुंबई कुणाची? भांडवल ज्याचे त्याची, असे म्हणणारे होते. गिरणी कामगाराने २१ नोव्हेंबरला साचे बंद ठेवले आणि तो फ्लोरा फाउंटनला गेला. गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाला. त्या लढ्यात शंभरावर माणसे पडली. त्यांत कामगार होते, मिसरूड न फुटलेली पोरेही होती. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर यांचे डफ त्या दिवसासाठीच वाजले होते.

आता हिशेब बघा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संप कुणी मागे घेतला नाही, पण गिरण्या गेल्या. उरली जमीन. १९९१ चा नियम असा की, गिरणीची जागा विकसित करायची तर तीन वाटे करा : एक महापालिकेला मैदानासाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम फिरवला. वाटे सगळ्या जमिनीचे नाही, फक्त मोकळ्या जमिनीचे! अहो, गिरणीत मोकळी जागा असती किती? सगळीकडे खाती, गोदामे, बॉयलर. भाकरी मालकाकडे आणि वाटणी चुऱ्याची. २००६ साली सुप्रीम कोर्टानेही हा नियम कायम ठेवला.

घरासाठी अर्ज लाखाच्या वर गेले, घरे मिळाली काही हजारांना. बाकीच्यांना म्हणतात शेलू-वांगणीला जा. नकाशात बघा ते कुठे आहे. ज्याने मुंबई महाराष्ट्रात ठेवली त्यालाच मुंबईच्या बाहेर काढायचे? जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर कामगार आणि वारस जमले ते एवढेच मागायला, की घर मुंबईतच द्या.

आणि निपाणी-बेळगावच्या आपल्या माणसाला तर अजून राज्यच मिळाले नाही. १९५६ पासून तो पलीकडे आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आपल्या घराच्या मागणीला निपाणीकर टाळ्या देतो, तर त्याच्या मोर्चाला आपण रिकामे हात हलवत जाऊन चालणार नाही. वर्गणी काढा.

एक काम सांगतो आणि बसतो. ज्यांचे वडील किंवा आजोबा मुंबईच्या गिरणीत होते त्यांनी घरातली ट्रंक उघडा. गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, फंडाचा नंबर, विमा कार्ड, जे सापडेल ते काढा. १९८२ च्या संपावेळी कामावर असल्याचा पुरावा नाही म्हणून वारसांचे अर्ज अडतात. आयाबायांनी मुद्दाम शोधावे, नवऱ्याचे कागद तुम्हीच लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेले असतात. रविवारी युनियनच्या कचेरीत घेऊन या. आम्ही तिथे अर्ज भरायला बसलेले असू.