अंतराचा खर्च कोणी सोसावा?



विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे जावयाचे नाही, विद्यापीठाने त्याच्या दारी यावयाचे, हे दूरशिक्षणाचे वचन. कामरेजच्या मराठी तरुणाच्या दारी ते आले काय, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

खानदेशातून तापीच्या काठाकाठाने पोटासाठी सुरतेस आलेल्या कष्टकऱ्यांचा हा मुलगा. सुरत महानगरपालिका मराठी शाळा चालविते, हे तिचे औदार्य आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. अडते ते पुढे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. ते मराठीतून पदवी देते. पण २०२० च्या नियमांप्रमाणे राज्याच्या मुक्त विद्यापीठाचे दूरशिक्षण राज्याच्या हद्दीतच चालते. अहमदाबादचे आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९९४ चे. त्याची भाषा प्रामुख्याने गुजराती. म्हणजे ज्या विद्यापीठाची भाषा याची, त्याचे केंद्र महाराष्ट्रात. आणि ज्याचे केंद्र जवळ, त्याची भाषा परकी!

महाराष्ट्राची हद्द लागते नवापुरास, शंभरेक किलोमीटरांवर. तेथील रेल्वे स्थानक अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात आहे. गाडीला या रेषेची अडचण होत नाही. विद्यार्थ्याला मात्र होते. संपर्कवर्ग आणि परीक्षा यांसाठी त्याला रोजंदारी बुडवून जावे लागते. मागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याचे किती खाडे मालक सोसणार? अशा मुलाने परीक्षा बुडविली की गळतीच्या आकड्यात त्याची भर पडते आणि शहाणे लोक त्याच्या चिकाटीवर ताशेरे ओढतात. आंतरजालावरील अभ्यासक्रमांना हद्द नाही, असे कोणी सांगेल. खरे आहे, परंतु चौघांच्या खोलीत एकच भ्रमणध्वनी असेल, तर व्याख्यान ऐकावयाचे केव्हा आणि कोठे?

कामरेज हा पूर्वी बडोदे संस्थानचा मुलूख. सयाजीरावांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे केले. पुढे १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावून फिरती ग्रंथालये उभारली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. अंतराचा खर्च राजाने तिजोरीवर घेतला, वाचकाच्या अंगावर टाकला नाही.

लोकशाहीतील दोन सरकारांनी आपसांत करार करून सुरतेस एक मराठी परीक्षाकेंद्र उघडावे, आणि पालिकेने आपल्या मराठी शाळेचे दोन वर्ग रविवारी अभ्यासासाठी मोकळे ठेवावेत. इमारती उभ्या आहेत, बाके आहेत. रविवारी त्यांना कुलूप असते.