भांगेचें झाड आणि औषधाची मात्रा

१८३९ सालीं कलकत्त्यास डॉ. ओशॉनेसी यांनीं आंचके येणाऱ्या चाळीस दिवसांच्या एका मुलीस गांजाच्या अर्काचे थेंब दिले, व ती बरी झाली. या वनस्पतींत टीएचसी हें द्रव्य नशा आणतें, सीबीडी आणीत नाहीं. २०१८ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें ड्राव्हेट व लेनॉक्स-गॅस्टॉ या दुर्धर अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचें औषध मान्य केलें.

कोलोरॅडोंत २०१२ सालच्या घटनादुरुस्तीनें प्रौढांस घरीं सहा झाडें लावतां येतात. त्यांपैकीं फुलावर असावयाचीं तीनच. परंतु बियांपासून केलेल्या दोन झाडांत द्रव्यांचें प्रमाण सारखें नसतें. शिवाय ताज्या फुलांत सीबीडी आम्लरूपानें असतें. उष्णता लागल्यावर त्याचें रूपांतर होतें. तेव्हां घरच्या तेलाच्या एका थेंबांत किती औषध आहे, हें आईस प्रयोगशाळेवांचून कसें कळावें? त्यांतच सीबीडीनें क्लोबाझम या औषधाची गुंगी वाढते, आणि व्हॅल्प्रोएट चालू असल्यास यकृतास बाधा होऊं शकते. चालू गोळ्या एकाएकीं बंद केल्यास आंचके बळावून जिवावर बेतूं शकतें. भारतांत तर १९८५ च्या कायद्यान्वयें परवान्यावांचून हें झाड लावणें हाच गुन्हा आहे.

आईच्या मायेनें तेल निघेल. मात्रा मात्र डॉक्टरांनींच ठरवावी.