सुरू केलेला उपचार पुरा करा

आज पदवी स्वीकारणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमचं आणि तुमच्या घरच्यांचं मनापासून अभिनंदन. तुमच्यातल्या कित्येकांच्या फीसाठी उसाचं बिल, द्राक्षाचा पैसा किंवा वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी खर्ची पडला आहे. ते पालक आज इथे आहेत, त्यांना माझा नमस्कार.

कराड, सांगली आणि कवलापूर इथल्या दंत महाविद्यालयांमुळे सातारा-सांगलीत दातांचा डॉक्टर आता दुर्मीळ राहिलेला नाही. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलात तरी दोन-चार पाट्या दिसतात. तरीही एक गोष्ट मला सतत खुपते. आपल्याकडे उपचार सुरू होतात, पण पुरे होत नाहीत.

दाढ ठणकते, माणूस रात्रभर जागतो आणि सकाळी तुमच्या दारात येतो. तुम्ही दाढ उघडता, नस काढता, तात्पुरतं सिमेंट भरता. ठणका थांबतो आणि त्याच्या लेखी आजारही संपतो. ते सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत झिरपते, जंतू परत शिरतात. कॅप न बसवलेली पोकळ दाढ भाकरी चावताना उभी चिरते आणि शेवटी काढावी लागते. मग पारावर बोललं जातं की रूट कॅनाल टिकत नाही. ते ऐकून आणखी दहा जण दाढ वाचवण्याऐवजी उपटून घेतात.

म्हणून दवाखाना कसा चालवावा, या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे : सुरू केलेला प्रत्येक उपचार शेवटपर्यंत जाईल असा चालवा. पैसा, वेळ, कागद, माणसं, यंत्रं यांची सगळी मांडणी याच एका कामासाठी करा.

माणसं उपचार अर्धवट का सोडतात? कधी पैसे संपतात, कधी सुट्टी संपते, कधी पुढे काय करायचं आहे हे कुणी नीट सांगितलेलं नसतं, आणि आलो नाही तरी कुणी विचारत नाही. ही चारही कारणं तुमच्या हाताबाहेरची नाहीत.

पैशापासून सुरुवात करू. इथल्या शेतकऱ्याच्या हातात पैसा दर महिन्याला येत नाही. कारखान्यानं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावं असा कायदा आहे, पण पुष्कळदा ते हप्त्यांनी येतं. तासगावचा द्राक्षवाला उन्हाळ्याच्या तोंडाशी मोकळा होतो, हळदवाला सांगलीच्या बाजारात सौदे झाल्यावर. तुमच्या भागातला पैसा कधी येतो, हे पहिल्या वर्षातच समजून घ्या. मग उपचाराचा एकच मोठा आकडा सांगून माणसाला घाबरवू नका. टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च मराठीत, कागदावर लिहून द्या. टप्पे असे पाडा की मध्ये थांबावं लागलं तरी दात सुरक्षित राहील. रूट कॅनाल आणि त्यावरचं पक्कं सिमेंट हा एकच टप्पा समजा. कॅप पुढच्या बिलावर झाली तरी चालेल, पण दाढ उघडी ठेवून कुणाला घरी पाठवू नका. आणि ज्याची ऐपत खरोखरच नाही, त्याला सरकारी रुग्णालयाची किंवा महाविद्यालयाच्या ओपीडीची वाट सन्मानानं दाखवा.

आता वेळ. अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या जवान सैन्यात गेले. माण-खटावची माणसं मुंबईत माथाडी कामगार झाली. खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर सोनं-चांदी गाळायला देशभर पसरले. ही माणसं दिवाळीला, गावच्या यात्रेला, मे महिन्यात घरी येतात आणि साठलेली दुखणी तेव्हाच दाखवतात. त्यांना पहिला प्रश्न विचारा : सुट्टी किती दिवसांची आहे? उत्तर सहा दिवस असेल, तर सहा दिवसांत पुरं होईल तेवढंच काम हाती घ्या. शक्य असेल तिथे एकाच बैठकीत रूट कॅनाल करा आणि लॅबशी आधीच बोलून ठेवा. काम उरलंच तर काय झालं, काय राहिलं, कोणती औषधं दिली याची चिठ्ठी आणि एक्स-रेची प्रत त्याच्या हातात द्या. म्हणजे कोइमतूरचा किंवा कोलकात्याचा डॉक्टर तिथूनच पुढे काम करील. रुग्ण आपल्याकडेच परत यावा म्हणून कागद अडवून ठेवणं हा अन्याय आहे.

समजावून सांगण्यात कंजुषी करू नका, आणि ते रुग्णाच्या भाषेत सांगा. मिरजेला उपचारासाठी कर्नाटकातूनही माणसं येतात. जतच्या पूर्व भागात तर घरोघरी कन्नड बोललं जातं. दुखतंय का, तोंड उघडा, किती दिवस झाले, एवढं तरी कन्नडमध्ये शिकून घ्या. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत असू द्या. सही घेण्याआधी ते वाचून दाखवा.

विचारणा करायला मात्र एक वही लागते. दर महिन्याच्या शेवटी तुमच्या मदतनिसासोबत बसा आणि अर्धवट राहिलेल्या उपचारांची यादी काढा. प्रत्येकाला फोन करा. फोनवर पैशाचा विषय काढू नका. दाढ कशी आहे, एवढंच विचारा. न आल्याचं कारण वहीत लिहा. वर्षभरात ती वही तुम्हाला तुमच्या दवाखान्यातल्या उणिवा कोणत्याही सल्लागारापेक्षा नेमक्या दाखवील.

आता तुमच्या स्वतःच्या पैशाबद्दल. पदवी मिळाल्याबरोबर कर्ज काढून चकचकीत दवाखाना थाटू नका. निदान दोन वर्षं एखाद्या अनुभवी डॉक्टरकडे काम करा आणि हातासोबत हिशोबही शिका. कर्जाचा हप्ता जड झाला की तो निदानात ढवळाढवळ करू लागतो. जिथे साधं फिलिंग पुरेल तिथे कॅप सुचवावीशी वाटते. हप्ता एवढाच ठेवा की मंदीच्या महिन्यातही तुमचा सल्ला बदलणार नाही. दवाखान्याचं बँक खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा. भाडं, पगार, साहित्य आणि लॅबचं बिल दर महिन्याला लिहून काढा, आणि तुमच्या एका तासाचा खर्च किती येतो हे काढल्याशिवाय दर ठरवू नका. शेजारच्यापेक्षा शंभर रुपये कमी, ही दर ठरवायची रीत नव्हे. त्या शंभर रुपयांची भरपाई पुढे कुठेतरी निर्जंतुकीकरणात होते.

पहिली मोठी खरेदी म्हणून चांगला ऑटोक्लेव्ह घ्या. नुसतं उकळून जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी १२१ अंश सेल्सिअसची वाफ, १५ पौंडांचा दाब आणि निदान १५ मिनिटं लागतात, तीही ते तापमान गाठल्यानंतरची. हँडपीसही प्रत्येक रुग्णानंतर त्यात गेलाच पाहिजे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम तुमच्या एका खुर्चीच्या दवाखान्यालाही लागू आहेत : सुया पंक्चर न होणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि ४८ तासांपेक्षा जास्त साठवण नाही. साध्या कचऱ्यात टाकलेली सुई उद्या नगरपालिकेच्या एखाद्या सफाई कामगाराच्या हातात घुसू शकते, एवढं लक्षात ठेवलं तरी हा नियम पाळायला पुरे. एक्स-रे मशीनची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करा. तुमच्या मदतनिसाला हिपॅटायटिस बी लशीच्या तिन्ही मात्रा तुमच्या खर्चानं द्या. तिला वेळेवर आणि पुरेसा पगार द्या, नावानं आणि आदरानं हाक मारा. जी शंका रुग्ण तुम्हाला विचारत नाही, ती तो बाहेर तिला विचारतो.

जागा निवडताना कृष्णेची आठवण ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तळमजला हवा, हे खरं. पण सांगलीच्या गावभागात किंवा नदीकाठच्या कुठल्याही गावात जागा घेताना शेजाऱ्यांना विचारून भिंतीवरची पुराची खूण बघा. केसपेपर, बॅटऱ्या, कॉम्प्रेसर उंचावर ठेवा, नोंदींची दुसरी प्रत गावाबाहेर ठेवा, आणि विम्यात पूर धरलेला आहे का हे सही करण्यापूर्वी वाचा.

नोंदींना कमी लेखू नका. व्यावसायिक आचारसंहितेनुसार त्या किमान तीन वर्षं जपायच्या आहेत, आणि १९९५ च्या शांता खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे. पण नोंद खरी कामाला येते ती रुग्णाच्या जिवासाठी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, हे विचारून लिहिल्याशिवाय दात काढायला हात घालू नका.

आणि आणखी एक प्रश्न प्रत्येक केसपेपरवर हवाच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरत होते. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा आणि तंबाखू-चुना गावोगाव चालूच आहे. आपल्याकडच्या कित्येक बायका मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावतात. तंबाखू खाता का, असं विचारलं तर त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतील, कारण त्यांच्या लेखी मिश्री ही दात घासण्याची पूड आहे. म्हणून विचारा : दात कशानं घासता? मग गालाची आतली बाजू आणि जिभेच्या कडा बघा, तोंड किती उघडतं ते मोजा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर वाट बघू नका. तज्ज्ञाकडे पाठवा आणि तो माणूस तिथे पोचला का, याचा पाठपुरावा करा. रेफर केल्याबद्दल कमिशन घेऊ नका आणि देऊ नका. दुसऱ्या डॉक्टरचं काम बिघडलेलं दिसलं तरी रुग्णासमोर त्याची निंदा करू नका. ते काम कोणत्या परिस्थितीत झालं, हे तुम्ही पाहिलेलं नसतं.

मित्रांनो, रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये याच मातीत काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्या समोर खेड्यातलं मूल होतं. त्याच्यापर्यंत शाळा पोचली म्हणून आज तुमच्यातले अनेक जण या सभागृहात आहेत. आता तेच खेडं तुमच्याकडे रुग्ण म्हणून येणार आहे. तुमच्या कौशल्याची पारख त्याला करता येणार नाही. पण डॉक्टरनं सांगितलं तेवढंच बिल झालं का, सांगितल्या वेळी काम झालं का, आणि मी गेलो नाही तेव्हा मला फोन आला का, हे त्याला नक्की कळतं. त्यावरूनच तो तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवील.

तुमच्याकडे आज माझं एकच मागणं आहे. दवाखाना लहान असो की मोठा, स्वतःचा असो की दुसऱ्याचा, हातात घेतलेली दाढ पुरी करूनच सोडा. असं वागणारे पन्नास डॉक्टर जरी या दोन जिल्ह्यांत पसरले, तरी दाढ वाचते यावर इथल्या माणसांचा पुन्हा भरवसा बसेल. ते पन्नास जण आज माझ्यासमोर बसले आहेत, अशी माझी खात्री आहे.

तुमच्या हातांना यश लाभो.