तापमापकाची साक्ष

पंचगंगेच्या घाटावर पोहणाऱ्यास पाण्याचें तापमान त्याचें अंगच सांगतें. तापविलेल्या तरणतलावांत मात्र हें काम एका लहानशा संवेदकाकडे सोंपविलेलें असतें. तो जें सांगेल तेंच तापकयंत्र खरें मानतें. साक्षीदारच बिघडला, तर निवाडा बरोबर कसा व्हावा?

हा संवेदक बहुधा थर्मिस्टर असतो. उष्णता वाढली कीं त्याचा विद्युद्विरोध घटतो. सिल्व्हर सल्फाइडमधील हा गुण मायकेल फॅरडे यांनीं १८३३ सालीं नोंदविला होता. नेहमींच्या एका प्रकारांत २५ अंशांस १०,००० ओम विरोध असतो. शून्य अंशास तो ३०,००० च्या वर जातो.

तार तुटली तर विरोध अमर्याद होतो आणि पाणी बर्फाहून थंड भासतें. दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर तें कढत भासतें. असली ढळढळीत खोटी साक्ष पुष्कळ यंत्रें ओळखतात व थांबतात. खरें भय अर्धसत्याचें. ओलाव्यानें गंजलेला सांधा विरोधांत थोडी भर घालतो. २५ अंशांच्या आसपास सुमारें ४०० ओमांची भर म्हणजे एका अंशाची चूक. पाणी आहे त्याहून थंड दिसतें, यंत्र तापवीतच राहतें, आणि त्याचा ताप पाण्यांतील मुलांना होतो.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळांतील गुळव्या काहिलींतील पाकाचा केवळ रंग पाहून थांबत नाहीं. थोडा पाक थंड पाण्यांत टाकून त्याची गोळी होते का, हेंही पाहतो. येथेंही दुसरी साक्ष काढावी. एक निराळा तापमापक आणावा व प्रथम त्याचीच परीक्षा घ्यावी. ठेचलेला बर्फ व पाणी यांच्या मिश्रणांत त्यानें शून्य दाखविलें पाहिजे. उकळत्या पाण्यांत मात्र १०० ची अपेक्षा धरूं नये. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंच असल्यानें येथें पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतें.

मग पंप चालू ठेवून तलावाचें पाणी मोजावें. संवेदक नळींत असतो. गाळणी तुंबून प्रवाह मंदावला, किंवा नळीवर ऊन आलें, तर तो आपल्या जागेपुरतें खरें सांगतो, तलावापुरतें नव्हे. प्रवाह ठीक असूनही फरक राहिला, तर जाणत्या कारागिराकडून वीज पूर्ण बंद करवून सांधा स्वच्छ करावा, आणि संवेदक सोडवून त्याचा विरोध निर्मात्याच्या कोष्टकाशीं ताडून पाहावा. मेळ बसला तर संवेदक निर्दोष. दोष तारेंत, सांध्यांत किंवा नियंत्रकांत शोधावा. मेळ न बसल्यासच संवेदक बदलावा.

एक गोष्ट मात्र कधींही करूं नये. अतितापानें वीज तोडणारी निराळी कळ वारंवार यंत्र बंद करते, म्हणून तिला तार जोडून निकामी करणें हें पहारेकऱ्यासच बांधून ठेवण्यासारखें आहे. शर्यतीच्या तलावास २५ ते २८ अंश पुरतात; तेवढ्यासाठीं कोणाचा जीव धोक्यांत घालण्याचें कारण नाहीं.