मुदिता : घरातून हरवलेला शब्द
(विहाराच्या वर्धापनदिनी आगरदांडा येथे दिलेले भाषण)



आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत ते शब्दांविषयीच. दिघीची बोट थोडक्यात चुकली की आपल्याला चुटपुट लागते. पोराला घेऊन एस.टी. वळणाआड गेली की हुरहूर वाटते. आईला उलट बोललो तर रुखरुख राहते. हे तिन्ही शब्द इंग्रजीत सांगायचे तर प्रत्येकाला अख्खे वाक्य लागते. अमेरिकेतील जॉन केनिग या लेखकाने २००९ पासून अशा नाव नसलेल्या भावनांसाठी नवे शब्द घडवले. २०२१ साली त्यांचा कोशच पुस्तकरूपाने निघाला.

ही अडचण जुनीच आहे. १५३५ साली माइल्स कव्हरडेल यांनी बायबल इंग्रजीत आणताना एका हिब्रू शब्दासाठी ‘लव्हिंग काइंडनेस’ असा जोडशब्द घडवला. पुढे पालीतल्या ‘मेत्ता’साठीही इंग्रजीने तोच वापरला. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा १९५७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ इंग्रजीत आहे, पण मैत्री आणि करुणा हे शब्द त्यांनी तसेच ठेवले.

मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा हे चार ब्रह्मविहार आपण विहारात ऐकतो. त्यातल्या उपेक्खेची मराठीत ‘उपेक्षा’ झाली, म्हणजे दुर्लक्ष! मूळ अर्थ समतोल मन. आणि मुदिता? दुसऱ्याचे बरे झालेले पाहून होणारा आनंद. इंग्रजीत त्याला एक शब्द नाही, हे खरे. पण आपल्या बोलण्यात तरी कुठे आहे? हेवा, मत्सर, असूया, जळफळाट, पोटदुखी, एवढी नावे तोंडपाठ. मुदिता मात्र फार तर मुलीचे नाव म्हणून उरली.

हे आम्ही दुसऱ्याला दोष द्यायला सांगत नाही. आमच्या शेजारच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा तिची आई पेढे घेऊन आली. आम्ही तोंडाने “बरं झालं वहिनी” म्हटले. मनात आले, ‘वशिला असेल.’ आमचा मुलगा त्याच वर्षी नापास झाला होता. निसर्ग वादळात, ३ जून २०२० रोजी, आमचे पत्रे उडाले तेव्हा याच बाईने आमची पोरे आपल्या घरात घेतली होती. आमच्या दुःखात ती धावली, तिच्या सुखात आम्ही मागे राहिलो. पुढे सहा महिने आम्ही तिच्या ओट्यावर चढलो नाही.

गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) पाली शिकायला श्रीलंकेपर्यंत गेले. पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. त्या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. मुदितेचा दूरचा शत्रू म्हणजे अरती, दुसऱ्याचे चांगले न रुचणे. तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे आपल्याच लाभाचा हर्ष. तो मुदितेसारखा दिसतो म्हणून फसवतो. आपल्या पोराचे पेढे वाटताना आपण हसतो, ती मुदिता नव्हे. शेजारणीचा पेढा आपल्याला किती गोड लागला, हे तपासायचे.

शेवटी एके संध्याकाळी आम्ही त्या ओट्यावर गेलो. म्हटले, “वहिनी, पोरीचं ऐकून तेव्हा आनंद व्हायला पाहिजे होता. आज सांगायला आलोय.” ती म्हणाली, “अहो, बसा आधी, चहा टाकते.” हेव्यापायी आपल्या वस्तीत कितीतरी ओटे असे ओस पडतात आणि वर येणाऱ्या पोराचा पाय घरच्याच बोलण्यात अडकतो.

तेव्हा, बंधू-भगिनींनो, आपल्याला नवा शब्द घडवायचा नाही. असलेला घरात परत आणायचा आहे. पुढच्या निकालाच्या दिवशी दुसऱ्याच्या दारी आधी जाऊ या आणि पोरांना सांगू या, याला मुदिता म्हणतात.

जयभीम! नमो बुद्धाय!