जुन्या सायकलीचे गिअर

पुण्यात शिकावयास आलेला एखादा विद्यार्थी कुणाची तरी वापरलेली माउंटन बाइक स्वस्तात विकत घेतो. सपाट रस्त्यावर ती बरी चालते. पहिल्याच रविवारी तो सिंहगडाची वाट धरतो, आणि चढ लागताच सायकल आपले खरे रूप दाखवते. गिअरचा खटका दाबावा तर साखळी हलत नाही. पुन्हा दाबावा तर एकदम दोन चक्रे ओलांडून जाते. आणि जोराने पॅडल मारावे तर साखळी दात्यांवरून घसरून पाय निसटतो. घरी परतल्यावर तो स्क्रूड्रायव्हर घेतो, मागच्या बाजूला दिसणारे दोन लहान स्क्रू इकडेतिकडे फिरवतो, आणि कशीबशी का होईना, चालत असलेली सायकल आता मुळीच चालेनाशी होते.

या विद्यार्थ्याची चूक एवढीच, की जेथे दोष दिसला तेथेच तो आहे असे त्याने मानले. गिअरच्या बाबतीत बहुधा तसे नसते.

मागच्या चाकाला सात, आठ किंवा अधिक लहानमोठी दातेरी चक्रे असतात. त्यांच्याखाली लोंबणारा जो सांधेदार हात साखळीला एका चक्रावरून दुसऱ्यावर नेतो, त्याला डिरेलर म्हणतात. हँडलवरील खटक्यापासून निघालेली पोलादी तार त्याला मोठ्या चक्राकडे ओढते. तार सैल सुटली की त्यातील स्प्रिंग त्याला लहान चक्राकडे परत नेते. बहुतेक सायकलींत तार ओढते आणि स्प्रिंग परत आणते. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे निदान होते.

फ्रान्समधील सुप्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत डिरेलर वापरण्यास परवानगी मिळाली ती 1937 साली. त्यानंतर कित्येक वर्षे गिअरच्या दांडीला ठरावीक टप्पे नसत. साखळी नेमकी बसली की नाही हे स्वार कानाने ओळखी आणि हाताने सुधारून घेई. 1984 साली जपानच्या शिमानो कंपनीने एका खटक्याला एक चक्र ही पद्धत आपल्या शर्यतीच्या सायकलींच्या साहित्यात आणली व ती सर्वत्र रुजली. स्वाराचे काम सोपे झाले, परंतु यंत्राला चूक खपेनाशी झाली. आठ चक्रांच्या शिमानो संचात लगतच्या दोन चक्रांमधील अंतर सुमारे 4.8 मिलिमीटर, तर नऊ चक्रांच्या संचात सुमारे 4.3 मिलिमीटर असते. म्हणूनच पूर्वीच्या मालकाने आठाचा खटका व नऊची चक्रे अशी जोडणी केली असेल, तर ती कितीही जुळवली तरी जुळत नाही. जुनी सायकल घेताना खटक्याचे टप्पे आणि मागची चक्रे प्रथम मोजावीत ती यासाठी.

यानंतर सायकलीच्या मागे उभे राहून पाहावे. डिरेलर ज्या लहानशा पट्टीला लटकतो तिला हँगर म्हणतात. सायकल उजव्या कुशीवर पडली की ही पट्टी चाकाकडे वाकते. डिरेलरच्या दोन्ही कप्प्या चक्रांच्या सरळ रेषेत उभ्या दिसल्या नाहीत, तर हँगर वाकला आहे असे समजावे. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यात ही पट्टी बहुधा निराळी बसवलेली असते व बदलता येते. पोलादी सांगाड्याचाच ती भाग असेल, तर जाणता कारागीर ती सरळ करू शकतो.

दुसरी तपासणी साखळीची. लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचे शून्य ठेवले, तर पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यावयास हवी. ती एक-षोडशांश इंच पुढे गेली असेल तर साखळी बदलण्याची वेळ झाली. एक-अष्टमांश इंच गेली असेल तर साखळीबरोबर चक्रांचे दातेही बहुधा झिजलेले असतात. चढावर निसटणाऱ्या पायाचे कारण पुष्कळदा येथेच सापडते, आणि त्यावर कोणत्याही स्क्रूचा इलाज चालत नाही.

तिसरी तपासणी तारेची. मोठ्या चक्रावर साखळी नीट चढते, पण लहान चक्रावर उतरताना रेंगाळते, असे होत असेल तर तार आवरणात घासत आहे. हात तिला ओढू शकतो. स्प्रिंगला तेवढे बळ नसते. गंजलेली तार व मळलेले आवरण दोन्ही बदलावीत. आवरण गिअरचेच घ्यावे. ब्रेकचे घेऊ नये, कारण ते दाबले जाते आणि खटक्याचे माप चुकते.

एवढे झाल्यावरच स्क्रूंना हात लावावा. ‘एच’ आणि ‘एल’ या अक्षरांचे दोन स्क्रू गिअर जुळवीत नाहीत; ते केवळ डिरेलरच्या दोन्ही टोकांच्या सीमा ठरवतात. तार मोकळी असताना वरची कप्पी सर्वांत लहान चक्राच्या बरोबर खाली यावी, ही ‘एच’ची सीमा. सर्वांत मोठ्या चक्रापलीकडे साखळी जाऊ नये, ही ‘एल’ची. ही दुसरी सीमा चुकली तर साखळी चाकाच्या आऱ्यांत जाऊन चाक जागीच अडकू शकते; घाटात तो प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणून ती परीक्षा चाक उचलून, पॅडल सावकाश फिरवून घरीच घ्यावी.

शेवटी तार ताणून बांधावी व सर्वांत लहान चक्रावरून एकच खटका द्यावा. साखळी दुसऱ्या चक्रावर चढली नाही, तर तारेच्या टोकाशी असलेली खाचांची नळी अर्धा फेरा बाहेर फिरवावी म्हणजे तार ताणली जाते. साखळी तिसऱ्या चक्राला घासू लागली तर ती थोडी आत फिरवावी.

सायकल जुनी आहे म्हणून निराश होण्याचे कारण नाही. माउंटन बाइकचा जन्मच जुन्या सायकलींतून झाला. 1970 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपाईसच्या उतारांवर काही तरुण जाड टायरांच्या, 1930 आणि 1940 च्या दशकांतील जड सायकली पळवीत. त्यांतील काहींनी पुढे त्यांना डिरेलर बसवले, म्हणजे डोंगर उतरण्याबरोबर चढताही यावा.

आपला विद्यार्थीही पुढच्या रविवारी सिंहगडाकडे निघेल. चढ सुरू होण्याच्या थोडे आधीच, पॅडलवरचा भार हलका करून, तो खटका दाबील. साखळी मोठ्या चक्रावर चढेल, आणि त्याचे लक्ष गिअरवरून उठून रस्त्याकडे जाईल.