बोटुकलीची हजेरी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मत्स्यबीजाच्या नोकरीत माझी हयात गेली. त्यातली एक चूक आज सांगतो. एका तलावात आम्ही बोटुकली सोडली, फोटो काढला, परतलो. वर्षभराने किती जगली, हे कोणी मोजलं नाही. मीही नाही.

आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तरेला नर्मदा. तिथला महसीर पावसाळ्यात वाहत्या पाण्यात, दगडगोट्यांत अंडी घालतो. सरदार सरोवराच्या साचल्या पाण्यात त्याला तशी जागा नाही. मग केंद्रात वाढवलेला मासा सोडावा, हे कोणालाही सुचेल. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा कंपनी 1970च्या दशकापासून महसीरची पैदास करते. पण तिथली जात कावेरीत सोडली, तिथे ती फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा नारिंगी परांचा महसीर मागे पडला. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला.

म्हणून नर्मदेत नर्मदेचाच महसीर सोडावा. सोडण्याआधी पराचा कोपरा कापून खूण करावी. खुणेचा मासा जाळ्यात आला, की बुडिताच्या गावांतल्या मच्छीमारांनी तारीख, जागा, लांबी वहीत लिहावी.

सर, तुम्ही जूनमध्ये पटावर नावं लिहून थांबत नव्हता. चार दिवस कोणी दिसला नाही, की घरी यायचात. मी नुसतीच नावं लिहिली.

आपल्यातले जे धडगावकडे आहेत, त्यांनी ही वही सुरू करावी. भरायला शिकवायला मी येईन.